ठाण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत भाजीपाला खरंच होतो का? सुरुवात कशापासून करावी?

होतो. त्यातून तुमची बाल्कनी दक्षिणेची, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून तिरका फिरतो, ऊन पार हॉलच्या दारापर्यंत येतं आणि नेमका तोच टोमॅटोचा हंगाम. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब ऊन अडवतो. तेव्हा अळू, मायाळू, माठ यांवर भागवायचं.

पण तुमच्या प्रश्नातली दुखरी ओळ शेवटची आहे: "सोसायटीवाले म्हणतात, कुंड्यांनी लीकेज होतं आणि स्लॅबवर वजन येतं." आमच्या कमिटीशी माझा हाच वाद जुना आहे, त्यामुळे आधी त्याचाच निकाल लावतो.

वजन कुंडीचं नसतं, मातीचं असतं. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माल मावतो. नर्सरीतून आणलेली नुसती लाल माती भरून पाणी घातलं की ती २५ किलोच्या घरात जाते. शिवाय आपल्याकडच्या पावसात ही माती थापून बसते, वर पाण्याचं डबकं, खाली मुळं कुजलेली. त्याऐवजी एक घमेलं लाल माती, दोन घमेली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटेच्या रूपात मिळतो), एक घमेलं गांडूळखत आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. हीच कुंडी ओली असताना १६ किलोच्या आसपास भरते. कोकोपीटची ५ किलोची वीट फुलून साठ-सत्तर लिटर होते, म्हणजे एका विटेत सात-आठ कुंड्या सहज निघतात. वीट भिजवल्यावर पाणी दोनदा बदलून पिळून घ्या. त्यात क्षार असतात, न धुता वापरलं तर रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि आपण उगाच खत कमी पडलं म्हणून आणखी घालत बसतो.

तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालायची जुनी पद्धत सोडा. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, माती पुरती ओथंबेपर्यंत ते वरच धरून ठेवते. म्हणजे ओल वर सरकते आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. चार-पाच भोकं, त्यावर शेडनेटचा तुकडा, बस्स.

आता लीकेज. कुंडी थेट लादीवर ठेवली की भोकातून बाहेर आलेली मुळं लाद्यांच्या सांध्यात शिरतात, खाली ओल राहते. दुसरं कारण म्हणजे मातीने आणि पानांनी तुंबलेली नाळीची जाळी. कुंड्या चार इंच उंच लोखंडी स्टँडवर, खालून झाडू फिरला पाहिजे. जाळी आठवड्याला साफ. एवढं करूनही खालच्या घरात छत ओलं होत असेल, तर वॉटरप्रूफिंग गेलंय, कुंड्या हलवून ते परत येणार नाही. हे सेक्रेटरींना जसंच्या तसं वाचून दाखवा.

सुरुवात मेथीपासून. बियाण्याचं पाकीट आणू नका, डब्यातली मेथी घ्या. रात्रभर भिजवून तीन इंच खोल ट्रेमध्ये दाटीने पसरा, वर बोटाच्या पेराएवढीही नाही, जेमतेम दाणे झाकतील इतकी माती. पंधरा-वीस दिवसांत कापणी. बाजारात वाळू चिकटलेल्या मुळांसकट छोट्या जुड्यांत समुद्रमेथी मिळते ना, ती अशीच कोवळी काढलेली असते. धने मात्र अख्खे पेरायचे नाहीत, लाटणं हलक्या हाताने फिरवून दोन फाका करा. कोथिंबीर आठ-दहा दिवस उगवतच नाही, म्हणून कंटाळून उकरू नका. एप्रिल-मेमध्ये तर लावूच नका, लगेच फुलावर येते.

मग भेंडी. फेब्रुवारीत किंवा जूनमध्ये लावा, थंडीत ती हटून बसते. एका कुंडीत एकच रोप. दीड महिन्यात फूल, फुलानंतर पाच दिवसांत तोडणी. शेंडा बोटाने वाकवायचा: कट्कन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर गेली. परभणी क्रांतीसारखं वाण घेतलंत तर शिरा पिवळ्या पडण्याचा रोग कमी त्रास देतो. तो विषाणू पांढरी माशी पसरवते, म्हणून पानांची खालची बाजू बघत राहायचं. लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारा. उन्हात मारलं तर पानं भाजतात.

टोमॅटोचं बूड काळं पडलं की लोक अंड्याची टरफलं पुरतात. त्याने त्या हंगामात काही होत नाही. कॅल्शियम मातीत बहुधा असतंच, एक दिवस कोरडं आणि एक दिवस तुडुंब अशा पाण्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. रोज सकाळी बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी.

परवडतं का? मेथीच्या जुडीशी हिशोब लावलात तर नाही. चौघांच्या एका वेळच्या भाजीला भेंडीची आठ-दहा झाडं लागतात, तीही दोन तोडे फ्रीजमध्ये साठवून. पण मिरची, कढीपत्ता, अळू यांचं बाजारातून आणणं जवळजवळ बंद होतं. आणि तोडल्यावर दहा मिनिटांत तव्यावर पडलेल्या भेंडीला जी चव असते, ती वाशीच्या घाऊक बाजारातून फिरून आलेल्या भेंडीला कुठून येणार?

दोन गोष्टी राहिल्या. कबुतरं कोवळी रोपं उपटतात, जाळी आधी आणि पेरणी नंतर. आणि रेलिंगच्या बाहेरच्या बाजूला कुंडी टांगायची नाही, आठव्या मजल्यावर तर नाहीच. त्यावर कमिटीने नोटीस काढली तर मी त्यांच्या बाजूने.