प्रत्येक हीटला पिल्लं हवीत, असा करार पाळावाच लागतो का?

प्रश्न: माझी पग जातीची कुत्री सव्वादोन वर्षांची आहे. एका ब्रीडरकडून ती कमी किमतीत, ‘ब्रीडिंग टर्म्स’वर घेतली. स्टॅम्प पेपरवर लिहून दिलंय की दुसऱ्या हीटपासून (माजावर येण्यापासून) प्रत्येक हीटला मेटिंग करायचं, चार वेळा पिल्लं होईपर्यंत मालकी ब्रीडरची आणि माझी मिळून राहील, पिल्लं सगळी त्यांची. करार मोडला तर कुत्री परत करायची आणि भरपाईही द्यायची. ती पंधराव्या महिन्यात व्याली आणि पिल्लं पाचव्या आठवड्यातच नेली गेली. लगेच पुढच्या हीटला पुन्हा मेटिंग झालं. त्या वेळी पिल्लू अडकलं, सिझर करावं लागलं, दोन पिल्लं दगावली. याला आता पाच महिने झाले. डॉक्टर म्हणतात, पुन्हा नको. मी नकार दिल्यावर वकिलाची नोटीस आली: पंधरा दिवसांत कुत्री मेटिंगला द्या, नाहीतर ताबा आणि भरपाईसाठी दावा लावू. त्यांच्याकडे आणखी काही माद्या छोट्या पिंजऱ्यांत ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. सही तर माझीच आहे. आता काय करू?

उत्तर:

ताई, मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. तिला तिसऱ्यांदा मेटिंगला द्यायला तुम्हाला कोणतंही न्यायालय भाग पाडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. भरपाई आणि मालकी हे प्रश्न मात्र वेगळे आहेत. तिथे तुमची बाजू भक्कम असली, तरी अगदी निर्धोक नाही. म्हणून नोटीस बाजूला टाकून देऊ नका.

सही केली म्हणजे हात बांधले गेले, हा समज सोडा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ प्रमाणे ज्या कराराचा उद्देश कायद्याने निषिद्ध आहे, तो करार रद्दबातल ठरतो. आता निषिद्ध काय ते पाहू. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वान प्रजनन व विपणन नियम केले. त्यानुसार मादी किमान अठरा महिन्यांची आणि निरोगी असावी लागते, आणि मेटिंगआधी पशुवैद्यकाने तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं. लागोपाठ दोन हंगामांत, म्हणजे सलग दोन हीटना, तिच्याकडून पिल्लं घेता येत नाहीत. आठ वर्षांनंतर प्रजनन नाही, आणि आयुष्यभरात पाचपेक्षा जास्त वेळा नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकता येत नाही. शिवाय ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि ती दर दोन वर्षांनी नवी करावी लागते. ‘आम्ही घरगुतीच करतो’ ही सबब इथे चालत नाही. विक्रीसाठी प्रजनन करणारी एकटी व्यक्तीसुद्धा ब्रीडरच.

समोरचे वकील काय म्हणतील तेही ऐकून ठेवा: “नियम पाच वेळा म्हणतो, आमचा करार चारच वेळा, मग बेकायदा काय?” मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण तुमच्या करारात दोष चार या आकड्यात नाही, तो ‘प्रत्येक हीटला’ या शब्दांत आहे. ते कलम पाळायचं तर नियम मोडल्याशिवाय पाळताच येत नाही. पहिल्या मेटिंगच्या वेळी ती जेमतेम तेरा महिन्यांची होती. दुसरं लागलीच पुढच्या हंगामात झालं, आणि आता मागतायत ते सलग तिसरं आहे. उद्या त्यांनी नरमाईने म्हटलं, की ठीक आहे, वर्षभर थांबू, तरी निरोगी असल्याच्या प्रमाणपत्राचा प्रश्न राहतोच. तुमचे डॉक्टर लेखी ‘नको’ म्हणत असतील, तर तो रस्ताही बंद होतो.

आणखी एक अडचण त्यांच्यापुढे आहे. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम १४ प्रमाणे, ज्या करारात सतत चालणारं कर्तव्य आहे आणि ज्यावर न्यायालय देखरेख ठेवू शकत नाही, त्याची सक्तीने अंमलबजावणी करून घेता येत नाही. हीटची तारीख पाहायची, नर आणायचा, दोन महिने गाभण मादी सांभाळायची, पिल्लं वाढवायची, यावर कोणता न्यायाधीश लक्ष ठेवणार?

डॉक्टरांचं म्हणणं हा या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. कुत्री साधारण दर सहा महिन्यांनी हीटवर येते. त्यातले दोन महिने ती गाभण असते, पुढचे जवळपास दोन महिने पिल्लांना दूध पाजते. झिजलेलं शरीर भरून यायला उरतात जेमतेम दोन महिने. नुसतं गर्भाशय पूर्ववत व्हायलाच बारा आठवड्यांच्या आसपास लागतात. दूध पाजण्याच्या काळात रक्तातलं कॅल्शियम घसरून लहान जातींच्या माद्यांना झटके येऊ शकतात, आणि तातडीने उपचार झाले नाहीत तर जीव जातो. पगच्या बाबतीत पिल्लाचं डोकं रुंद आणि आईचा जननमार्ग अरुंद, त्यामुळे अडण्याचा धोका मुळातच मोठा. एकदा सिझर झालं की पुढच्या गाभणकाळात तो व्रण ताणला जातो आणि पोटात आतून चिकटलेल्या भागांमुळे पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भूल देणंही इतरांपेक्षा जोखमीचं असतं.

इथे ब्रीडर एक वैद्यकीय युक्तिवाद पुढे करू शकतात आणि तो निव्वळ थाप नाही. पिल्लं होवोत न होवोत, प्रत्येक हीटनंतर गर्भाशयावर हार्मोनचा परिणाम होतच असतो, त्यातून पुढे गर्भाशयात पू होण्याचा आजार संभवतो. म्हणून तरुणपणी लागोपाठ पिल्लं घ्यावीत आणि लवकर नसबंदी करावी, असं काही प्रजनन-तज्ज्ञ मानतात. पण ते निरोगी, वजन टिकवून असलेल्या, सहज विणाऱ्या मादीबद्दल बोलत असतात. अडलेलं बाळंतपण आणि पाच महिन्यांपूर्वीचं सिझर असलेल्या पगला ते लागू करणं मला अजिबात पटत नाही. कोर्टात मात्र माझ्या मताला किंमत नाही, पशुवैद्यकाच्या लेखी मताला आहे. तेव्हा डॉक्टरांकडून ‘ब्रीडिंग नको’ एवढ्या दोन शब्दांची चिठ्ठी घेऊ नका. तिचं वय, आजचं वजन, दोन्ही बाळंतपणांच्या तारखा, सिझरचं कारण, शस्त्रक्रियेत गर्भाशयाची काय अवस्था दिसली आणि पुन्हा गाभण राहिली तर नेमका कोणता धोका, हे सगळं नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यासह लिहून घ्या. दुसरं मत शक्यतो सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या.

आता जरा अवघड बोलणं. दोन्ही मेटिंगच्या वेळी कुत्री तुमच्या घरी होती. १९६० च्या कायद्याचं कलम ३ म्हणतं की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने त्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत म्हणून वाजवी ते सर्व करायचं. हे कर्तव्य ब्रीडरवर आहे तसंच तुमच्यावरही आहे. पाचव्या आठवड्यात पिल्लं उचलली गेली तीही तुमच्या दारातून. तुमच्यावर खटला होईल असं मला वाटत नाही, पण उत्तरात ‘मला काहीच माहीत नव्हतं’ असं लिहू नका. खरं आहे तेच लिहा: नियम कळल्यावर आणि डॉक्टरांनी बजावल्यावर मी थांबले. न्यायालयात ही भूमिका टिकते.

नोटिशीला दिलेल्या मुदतीत, वकिलामार्फत, पोचपावतीसह उत्तर पाठवा. मसुद्याचा गाभा असा असावा:

“आपल्या अशिलाने मागितलेले तिसरे प्रजनन हे सन २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांशी विसंगत असून, सोबतच्या पशुवैद्यकीय अहवालानुसार ते सदर मादीच्या जिवास धोकादायक आहे. सबब करारातील तत्संबंधी अट करार अधिनियमाच्या कलम २३ अन्वये रद्दबातल आहे. आपल्या अशिलाचे ब्रीडर म्हणून वैध नोंदणी प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत सात दिवसांत द्यावी.”

शेवटचं वाक्य गाळू नका. नोंदणी नसेल तर पुढची बोलणी वेगळ्याच सुरात होतात.

मालकीचं काय? कायद्याच्या नजरेत कुत्री अजूनही जंगम मालमत्ता आहे, मला कितीही खटकलं तरी. करारात मालकी दोघांची असल्याने ‘ती फक्त माझी’ असा दावा आज तुम्हाला करता येणार नाही. पण सहमालकाला ताबा हिसकावून नेण्याचाही हक्क नाही. घेतल्याच्या पैशांच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, परवाना, सिझरचं बिल, ब्रीडरशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश हे सगळं जपा. खास करून ते संदेश, ज्यांत त्यांनी ‘ही हीट सोडायची नाही’ अशा अर्थाचं काही म्हटलं असेल. तुमच्या माघारी एकतर्फी मनाई हुकूम निघू नये म्हणून दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खालचं हे कॅव्हेट नव्वद दिवस चालतं, नंतर नवं करायचं.

भरपाईच्या बाबतीत माझा सल्ला थोडा कडू लागेल. करार रद्दबातल ठरला तर करार अधिनियमाच्या कलम ६५ प्रमाणे त्यातून मिळालेला लाभ परत करावा लागू शकतो. तुम्हाला ती कमी किमतीत मिळाली, हा लाभच आहे. म्हणून तडजोडीची तयारी ठेवा आणि त्यांना सांगा: ‘पुरी किंमत आणि मी दिलेली किंमत यांतला फरक देते, त्यातून दोन्ही वेळची पिल्लं तुम्ही नेलीत ती आणि सिझरचा खर्च वजा करा, आणि मालकी लेखी सोडा.’ हिशेब मांडला तर बहुधा तुमच्याकडून फारसं काही निघणार नाही. त्यांनी करारात लिहिलेली दंडाची रक्कम मात्र जशीच्या तशी मिळत नसते. करार वैध धरला तरी कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं.

नसबंदीची घाई करू नका. सहमालकाला न विचारता केलेली नसबंदी म्हणजे ‘मालमत्तेचं मूल्य घालवलं’ असा नवा वाद त्यांच्या हाती द्याल. पण गर्भाशयात पू झाला, रक्तस्राव सुरू झाला, असं काही घडलं तर क्षणभरही थांबू नका. डॉक्टरांचं लेखी मत घ्या, ब्रीडरला संदेशाने कळवा आणि शस्त्रक्रिया करून घ्या. त्या परिस्थितीत कलम ३ चं कर्तव्य तुम्ही पाळलेलं असेल.

पुढची हीट या नोटिशीच्या मुदतीच्या आसपासच येईल. तीन आठवडे तिला घराबाहेर फक्त पट्ट्याने न्या आणि ‘नुसतं बघायला येतो’ म्हणत कुणी नर घेऊन आला तर दारातूनच परत पाठवा. एकदा गाभण राहिली की कागदावरचे सगळे युक्तिवाद निरुपयोगी.

राहिला ब्रीडरच्या पिंजऱ्यांतल्या माद्यांचा प्रश्न. तुम्ही तो पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलाय, पण माझ्या दृष्टीने तो तुमच्या दाव्याइतकाच मोठा आहे. हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खालचा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरलेला हा आकडा आजही तसाच आहे, आणि या कायद्यावर काम करताना माझा सर्वांत जास्त संताप याच आकड्यावर होतो. त्यात हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करणार नाहीत. आणि कलम ३६ प्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो. तुमच्या कुत्रीवर जे झालं त्याची ही मुदत उलटून गेली आहे.

तरीही हात टेकू नका. पिंजऱ्यांतली स्थिती आज चालू आहे, तिला ही अडचण नाही. विनानोंदणी प्रजननाची तक्रार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे करा, प्रत जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्थेला आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाला पाठवा. कलम ३४ खाली कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी, गुन्हा झाल्याचं मानायला कारण असेल तर, प्राणी ताब्यात घेऊन तपासणीसाठी हजर करू शकतो. दोष सिद्ध झाला तर कलम २९ प्रमाणे न्यायालय मालकीसुद्धा काढून घेऊ शकतं. पन्नास रुपयांच्या दंडाला न घाबरणारा माणूस या कलमाला घाबरतो.

तक्रारीत स्वतःची हकिकत एका परिच्छेदात आटोपा. बाकी अर्जात तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहा: कोणत्या तारखेला गेलात, किती माद्या होत्या, पिंजऱ्यात त्यांना उभं राहून वळता येत होतं का, पाणी होतं का, कुणाच्या स्तनांना सूज किंवा जखम दिसली का. फोटो असतील तर मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, प्रती जोडा. आणि हा अर्ज नोटिशीच्या उत्तराबरोबर नको, त्यानंतर काही दिवसांनी स्वतंत्रपणे द्या, म्हणजे तो तडजोडीसाठी टाकलेला दबाव आहे असं त्यांना म्हणता येणार नाही.