ॲप म्हणतं पावणेदोन लाख, मग चवथीला पैसे कुठून आणू?

प्रश्न: नमस्कार. हरमलला आमच्या दोन खोल्या आहेत, सीझनला भाड्याने देतो. मुलाने मोबाईलवर हिशोबाचं ॲप टाकून दिलंय, ते सगळी खाती जोडून एकच आकडा दाखवतं, 1,71,400, तोही हिरव्या रंगात. पण घरात तर ओढाताणच चाललीय. सेव्हिंगला 31,400 आहेत (त्यात डिसेंबरच्या गेस्टचा 12,000 ॲडव्हान्स), 2 लाख लिमिटचं ओव्हरड्राफ्ट खातं आहे त्यातले 60,000 वापरलेत, आणि क्रेडिट कार्डचं बिल 22,300. चूक माझी की ॲपची?
– एक वाचक, हरमल

उत्तर: चूक ॲपची, तुम्ही फक्त त्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवलात. बघा, ओव्हरड्राफ्टमध्ये अजून 1,40,000 काढता येतात, ॲपने ते तुमचेच पैसे समजून 31,400 मध्ये मिळवले, झाले 1,71,400. पण लिमिट म्हणजे शिल्लक नव्हे हो, ते बँकेने द्यायची तयारी दाखवलेलं कर्ज. कार्डचं बिल तर धरलंच नाही. खरा हिशोब असा, 31,400 मधून 60,000 आणि 22,300 वजा, म्हणजे उणे 50,900. आणि तो ॲडव्हान्सही अजून तुमचा नाही, गेस्ट येऊन राहीपर्यंत ते देणंच, कॅन्सल केलं तर परत करावे लागतील ना. म्हणजे उणे 62,900. ऐकायला बरं वाटत नाही, पण घरात ओढाताण का, ते या आकड्यातून तरी कळतं.

आता ॲपमध्ये काय करायचं? बहुतेक ॲपमध्ये खात्याचा प्रकार बदलता येतो, ओव्हरड्राफ्ट 'बँक' मधून काढून 'कर्ज' मध्ये टाका आणि बाकी 60,000 लिहा, लिमिट कुठेच लिहू नका. ॲडव्हान्ससाठी 'गेस्टचे पैसे' असं वेगळं देणं-खातं उघडा. कार्ड ज्या दिवशी घासलं त्याच दिवशी खर्च धरा, नंतर बिल भराल ती नोंद 'ट्रान्सफर' करा, नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केलेली एकच खरेदी दोनदा खर्चात दिसते, हे मी कितीतरी लोकांच्या ॲपमध्ये बघितलंय. बिलावरच्या 'मिनिमम ड्यू'लाही भुलू नका, तेवढंच भरलं तर उरलेल्या रकमेवर व्याज चालू होतं, महिना साडेतीन टक्के म्हटलं की वर्षाला 42 झाले. नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

घराचं कर्ज असेल तर ते या रोकडीच्या आकड्यात मिसळू नका. 10 लाख, 9 टक्के, 20 वर्षं धरलं तर हप्ता साधारण 8,997 चा, पहिल्या महिन्यात त्यातले 7,500 व्याजाचे आणि कर्ज कमी होतं जेमतेम 1,497. ॲप मात्र अख्खा हप्ता 'खर्च' म्हणून टाकतं, कर्ज किती फिटलं ते दिसतच नाही. काही ॲप तर घराची किंमतही मिळवून 'नेट वर्थ', म्हणजे सगळी मालमत्ता वजा कर्ज, दाखवतात. ठीक आहे, पण पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, बिल काय घर विकून देणार?

जमलं तर ॲपवाल्यांना फीडबॅकमध्ये कळवा की एकच मोठा आकडा नको, आज हातात किती ते वर, त्याखाली कोणाला किती द्यायचे ते तारखेप्रमाणे, आणि लिमिट दाखवायचीच असेल तर राखाडी रंगात बाजूला. तुमच्यासारख्यांचं उत्पन्न ऑक्टोबर ते मार्च, पावसात शून्य, आणि चवथीचा, म्हणजे गणपतीचा, खर्च नेमका सीझन सुरू व्हायच्या आधी, त्यामुळे 'पुढचं भाडं येईपर्यंत किती पुरेल' हाही एक आकडा हवाच. तोपर्यंत मुलाला सांगून ओव्हरड्राफ्ट तेवढा आजच कर्जात टाकून घ्या, 1,71,400 तिथल्या तिथे गायब होतील.