डॉक्टरांना विचारा : 'कॅन्सरचं औषध' बहिणीला कशाला?

प्रश्न : बहीण 26 वर्षांची. मशीनवर शिवताना डावा हात भरून यायचा, नाडीच लागेना. टाकायासू (मोठ्या धमन्यांच्या भिंतींना सूज येण्याचा आजार) निघाला. आठ महिने स्टिरॉइड घेऊन तोंड सुजलं, साखर वाढली. आता मेथोट्रेक्सेट दिलंय. आई म्हणते, हे तर कॅन्सरचं औषध, आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलाय, सगळंच बंद करू.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आईंचा धसका मला कळतो. पण कॅन्सरमधला डोस याच्या कितीतरी पट असतो. इथे हे औषध स्टिरॉइड कमी करता यावं म्हणून आहे. त्याचा असर यायला दीड-दोन महिने लागतात, तोवर स्टिरॉइड डॉक्टर उतरवतील तसंच उतरवायचं. एकदम थांबवलं तर बाहेरच्या स्टिरॉइडमुळे झोपी गेलेली अॅड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणारी) वेळेवर जागी होत नाही आणि जिवावर बेततं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच! सोमवार धरा, सिद्धेश्वराचा वार म्हणून तरी लक्षात राहील. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी कोसळतात, तोंडभर फोड येतात. फॉलिक अॅसिड वेगळ्या दिवशी. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ठरल्या वेळी तपासा. लग्नाचं बघत असाल तर आधीच सांगा. गर्भारपणात हे औषध चालत नाही.

ईएसआरवर मात्र विसंबू नका. तो नॉर्मल असूनही धमनीची भिंत आतून सुजत राहू शकते, म्हणून अधूनमधून डॉपलर (धमन्यांची सोनोग्राफी) किंवा एमआर अँजिओ (धमन्यांचा एमआरआय) लागते. आणि बीपी डाव्या हातावर मोजू नका, तिथली धमनी अरुंद झाल्यामुळे खोटं कमी येईल. उजवी नाडी चांगली असेल तर तिथे मोजा, नाहीतर पायावर. शेंगाचटणीतलं मीठही जरा हात आखडून.