मराठी माध्यमातून शिकलोय. नोकरी आणि घर सांभाळून सीआयएसएसपी जमेल का? तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की महापेला नेटवर्क टीममध्ये सात वर्षं झाली, घरी दीड वर्षाची मुलगी आहे, सीआयएसएसपी या माहिती-सुरक्षेच्या प्रमाणपत्र परीक्षेचं जाड पुस्तक दोनदा हातात घेतलं आणि दोन्ही वेळा दुसऱ्या डोमेनपाशी, म्हणजे अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या भागापाशी, येऊन ठेवून दिलं. शाळा मराठीतून झाली, त्यामुळे त्या लांबलचक इंग्रजी प्रश्नांची धास्ती वाटते.

जमेल. मी ठाण्यात राहते, ऐरोलीला सिक्युरिटी ऑपरेशन्समध्ये काम करते, माझीही दहावीपर्यंतची शाळा मराठीच. पहिल्या प्रयत्नात नापास झाले, दुसऱ्यात पास झाले. दोन्ही प्रयत्नांच्या मध्ये माझं ज्ञान फारसं वाढलं नव्हतं. अभ्यास करायची पद्धत बदलली होती, आणि त्या बदलात मराठीचाच मोठा हात होता. म्हणून तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी परीक्षेचा सांगाडा, कारण बरेच जण अजून जुनी माहिती धरून बसतात. १५ एप्रिल २०२४ पासून वेळ ३ तास आणि प्रश्न १०० ते १५०. तुमच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. एकदा पुढे गेलात की मागे येऊन उत्तर बदलता येत नाही. १००० पैकी ७०० ला पास. यातले २५ प्रश्न गुणांत धरलेच जात नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. आठ डोमेनपैकी रिस्क मॅनेजमेंटचं वजन सगळ्यांत जास्त, १६ टक्के. तुमचं नेटवर्कचं, म्हणजे चौथं, डोमेन १३ टक्के. म्हणजे ज्यात तुम्ही रोज हात घालता ते पूर्ण परीक्षेचा आठवा भाग आहे, आणि पुस्तक उघडल्यावर तेच वाचत बसायचा मोह होतो, कारण तिथे आपण हुशार वाटतो. तो मोह टाळा. चौथं डोमेन आठवड्याभरात उरकून घ्या.

पहिल्या वेळी मी सगळं पाठ केलं होतं. पोर्ट नंबर, एनक्रिप्शनच्या किल्ल्यांची लांबी, आगीचे प्रकार, कुंपणाची उंची. परीक्षेत त्यातलं फारच थोडं कामी आलं. नापास झाल्यावर हातात जो कागद देतात त्यावर गुण नसतात, फक्त प्रत्येक डोमेनपुढे तुम्ही पातळीच्या खाली, जवळ की वर एवढंच लिहिलेलं असतं. माझ्या कागदावर रिस्क मॅनेजमेंट खाली होतं. ज्या विषयाच्या मी सत्तर पानं नोट्स काढल्या होत्या, तोच.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, ‘मला सांग बघू, त्यात नेमकं होतं काय?’ आई तीस वर्षं एका पतपेढीत कॅशियर होती. मी तिला ‘सेपरेशन ऑफ ड्यूटीज’ सांगायला लागले आणि दोन वाक्यांत अडकले. इंग्रजी व्याख्या तोंडावर होती, पण मराठीत अर्थ निघेना. आईनेच मग सांगितलं. व्हाउचर एकाने लिहायचं, दुसऱ्याने पास करायचं. तिजोरीला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे आणि एक तिच्याकडे, दोघं समोर असल्याशिवाय दार उघडत नसे. मग म्हणाली, ‘आणि वर्षातून एकदा सलग सुट्टी घ्यायला लावायचे. नको म्हटलं तरी. त्या जागेवर दुसरं माणूस बसलं की काही दडवलेलं असलं तर बाहेर यायचं.’

मी वही काढली. व्हाउचरची गोष्ट म्हणजे सेपरेशन ऑफ ड्यूटीज : एका कामाचे टप्पे वेगवेगळ्या माणसांकडे. दोन किल्ल्यांची गोष्ट म्हणजे ड्युअल कंट्रोल : एकाच कृतीला एकाच वेळी दोन माणसं. सक्तीची सुट्टी म्हणजे मँडेटरी व्हेकेशन, आणि तिचा मुख्य उपयोग झालेली लबाडी उघडकीस आणणं हा. पुस्तकात या तिन्ही गोष्टी वाचल्या होत्या, पण पर्यायांत त्या शेजारी शेजारी आल्या की माझा गोंधळ व्हायचा. त्या दिवसानंतर एकदाही झाला नाही.

तेव्हापासून नियमच केला. रात्री जेवणं झाली की दिवसाचा एक मुद्दा आईला मराठीत सांगायचा, इंग्रजी व्याख्या न वापरता. जो सांगता येत नाही तो आपल्याला कळलेला नाही, असं धरून उद्या पुन्हा वाचायचा. ड्यू डिलिजन्स आणि ड्यू केअर या जोडीवर कितीतरी जण घसरतात. मी ती अशी सांगितली : फ्लॅट घेण्याआधी टायटल तपासणं, महारेराची नोंदणी बघणं, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का विचारणं, हे डिलिजन्स. घर ताब्यात आल्यावर दर मे महिन्यात गच्चीच्या भेगा भरून घेणं, हे केअर. आधीचं माहिती काढण्याचं, नंतरचं त्या माहितीप्रमाणे वागण्याचं. तुमची मुलगी लहान आहे, पण घरात जे कुणी मोठं आहे त्यांना धरून बसवा. दुकान, बँक, शेती, सोसायटीची कमिटी, यातलं काहीही केलेल्या माणसाकडे या परीक्षेचा अर्धा अभ्यासक्रम अनुभवाने असतो.

दुसरं म्हणजे आपल्याच भागात घडलेल्या घटना. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो ना? सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज गेली, लोकल जिथल्या तिथे थांबल्या. त्या वेळी ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं होतं की कळवा-पडघा वाहिनीच्या एका सर्किटची दुरुस्ती चालू होती, म्हणून भार दुसऱ्यावर टाकला होता, आणि त्या दुसऱ्यात बिघाड झाला. बिझनेस कंटिन्युइटीचा, म्हणजे संकटातही काम चालू ठेवण्याचा, धडा यापेक्षा चांगला कुठे मिळणार? दोन वाहिन्या असूनही दुरुस्तीच्या काळात आधाराला एकच उरते. आमच्याकडे त्या दिवशी सर्व्हर व्यवस्थित चालू होते, जनरेटरने भार घेतला होता. पण करोनामुळे आम्ही सगळे घरून काम करत होतो. घरचा राउटर बंद, थोड्या वेळाने मोबाइलची रेंजही गेली. अलर्ट येत होते आणि बघायला माणूस नव्हतं. सगळी योजना इमारतीभोवती आखलेली होती, आणि माणसं इमारतीत नव्हती. पुढे पुस्तकात बिझनेस इम्पॅक्ट अॅनालिसिस (काम थांबलं तर किती फटका बसेल याचा हिशेब) आलं तेव्हा मी त्याच दिवसावर ते बसवून पाहिलं : अलर्ट किती वेळ न बघता चालेल, ती सहन होण्याची कमाल मर्यादा, आणि त्या मर्यादेच्या आत काम पूर्ववत करण्याचं ठरवलेलं लक्ष्य, तो आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह). आरटीओ नेहमी मर्यादेपेक्षा कमी का असतो, हे मग पाठ करावं लागलं नाही.

तसंच जून २०१७ चा नॉटपेट्या हा सायबर हल्ला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर कोलमडली आणि आपल्या न्हावा शेव्याच्या एका टर्मिनलचं कामही त्यात अडकलं. कंपनीचे डोमेन कंट्रोलर (कोणाला नेटवर्कमध्ये घ्यायचं हे ठरवणारे सर्व्हर) एकमेकांची नक्कल ठेवत होते, म्हणून सगळे एकदमच गेले. घानातल्या ऑफिसची वीज नेमकी त्या वेळी गेलेली होती, म्हणून तिथला तेवढा एक वाचला, आणि त्यावरून पुढची उभारणी झाली. रेप्लिकेशन (सतत नक्कल ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्या एका गोष्टीत आलं. तुम्ही नेटवर्कवाले, सेगमेंटेशनच्या, म्हणजे नेटवर्कचे वेगळे कप्पे करण्याच्या, अंगाने ती घटना नक्की वाचा.

आता तो सगळीकडे मिळणारा सल्ला : ‘मॅनेजरसारखा विचार करा.’ माझ्या मते हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि त्याने माझं नुकसान झालं. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असा करार आपण केलेला असतो, म्हणून ही दोन उदाहरणं माझी स्वतःची. एक : जुना फायरवॉल आहे, त्याला आता बनवणाऱ्या कंपनीचा आधार नाही, सिक्युरिटी प्रमुखाने सर्वांत आधी काय करावं? नवा घ्यावा, बंद करावा, नियम कडक करावेत, की जोखीम मोजावी? इथे जोखीम मोजणं बरोबर, कारण ती किती आहे हे कळल्याशिवाय पैसे कशावर घालायचे हे ठरत नाही. आणि ती जोखीम तशीच स्वीकारायची का, हे ठरवणार त्या यंत्रणेचा मालक विभाग, आपण नाही. दोन : एका लॅपटॉपवर फाइली लॉक होताना दिसताहेत, सर्वांत आधी काय? बॅकअपवरून परत आणावं, वरिष्ठांची बैठक बोलवावी, मशीन बंद करावं, की नेटवर्कपासून तोडावं? इथे बैठक निवडलीत तर गेलात. आधी तोडायचं. बंद केलं तर मेमरीतला पुरावा जातो, आणि चालू ठेवलं तर शेजारच्या मशीनवर पसरतं. म्हणून मी प्रत्येक प्रश्नाला दोनच गोष्टी विचारायचे : हा निर्णय कुणाचा, आणि आपण कोणत्या टप्प्यावर उभे आहोत? मॅनेजर की इंजिनिअर हे त्यातून आपोआप ठरतं.

आणखी एक फसवी जागा. आपल्याकडे काय चालतं त्यावरून उत्तर देऊ नका. सायबर हल्ला झाला की सर्ट-इनला (सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) सहा तासांत कळवायचं हा २०२२ पासूनचा आपला नियम रोजच्या कामात इतका मुरलाय की युरोपच्या खासगी माहितीच्या कायद्यातले ७२ तास वाचूनही हात सहाकडे जातो.

इंग्रजीबद्दल. तिथे अवघड शब्द फारसे नसतात. अवघड असतात ते छोटे : फर्स्ट, बेस्ट, मोस्ट, लीस्ट, नॉट. मी सराव प्रश्नांसाठी ‘चुकांची वही’ ठेवली होती. चार रकाने : प्रश्न एका ओळीत, मी काय निवडलं, तेव्हा मनात काय होतं, आणि कोणता शब्द नजरेतून सुटला. तिसरा रकाना खरेपणाने भरायचा. महिनाभराने वही चाळली तर निम्म्याहून जास्त चुका माहिती नसल्याच्या नव्हत्याच. मी प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचायच्या आत उत्तर ठरवून मोकळी झालेली होते. मग सवय लावली : आधी शेवटचं वाक्य वाचायचं, ते मनात मराठीत करायचं, मग वरची गोष्ट वाचायची. वेग कमी झाला नाही, उलट दोन-दोनदा वाचणं वाचलं.

वेळेचं म्हणाल तर मला साडेचार महिने लागले, रोज पहाटे पाच ते साडेसहा आणि रविवारी नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत चार तास. आजूबाजूला एमपीएससीची मुलं मान खाली घालून बसलेली असायची, त्यांच्याकडे बघून उठावंसं वाटायचं नाही. ट्रान्सहार्बरच्या गाडीत पुस्तक उघडायचा प्रयत्न मी सोडून दिला. त्या वेळात एकच प्रश्न मनात घोळवायचा, एवढंच. तुम्हाला बाळामुळे पहाट मिळणार नसेल तर बायकोशी बोलून आठवड्याचे ठरावीक तास बांधून घ्या. ‘वेळ मिळेल तसं’ या बोलीवर हे होत नाही. पुस्तक एकच ठेवा, पण पहिल्या पानापासून वाचू नका. एका डोमेनचे वीस प्रश्न सोडवा, चुकले ते पुस्तकात शोधा. दुसऱ्या डोमेनपाशी पुस्तक सुटतं ते याच कारणाने, तिथवर आपण नुसते वाचतच असतो.

‘खात्रीचे खरे प्रश्न’ देतो म्हणणारे भेटतील. मलाही एका क्लासवाल्याने देऊ केले होते. घेऊ नका. करार मोडतो, प्रमाणपत्र जाऊ शकतं, आणि ज्या माणसाच्या हातात उद्या लोकांच्या पैशांची आणि आजाराची माहिती असणार त्याने सुरुवातच अशी करू नये.

परीक्षेच्या दिवशी दोन ओळखपत्रं न्या, नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. तळहाताचं स्कॅन होतं, घड्याळसुद्धा लॉकरमध्ये जातं. उठून बाहेर जाता येतं, पण वेळ चालूच राहते. १५० प्रश्न धरले तर प्रत्येकाला ७२ सेकंद येतात. पहिल्या वेळी माझे पहिले तीस प्रश्नच तासभर चालले होते, पुढचे सगळे धावत सोडवले. आणि शंभरावा प्रश्न झाल्यावर एकशे एकावा आला तर घाबरू नका. संगणकाचं अजून ठरलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. माझी दुसरी परीक्षा एकशे एकतिसाव्याला थांबली. नाही जमलं तर ३० दिवसांनी पुन्हा देता येते, पण फी पुन्हा ७४९ डॉलर, साठ हजारांच्या वर. ऑफिस भरणार असेल तर ते एकाच प्रयत्नाचे देणार की दोन, हे आधी लेखी विचारून घ्या.

पास झाल्यावर ९ महिन्यांत अनुभवाची शहानिशा व्हावी लागते, आधीच प्रमाणपत्र असलेल्या कुणाकडून तरी, आणि तसं कुणी ओळखीचं नसेल तर परीक्षा घेणारी संस्था स्वतः करते. पाच वर्षांचा अनुभव किमान दोन डोमेनमधला लागतो, तो तुमच्याकडे सात वर्षांत निघेल. पण नुसतं ‘नेटवर्क इंजिनिअर’ लिहिलेलं पत्र पुरत नाही. फायरवॉलचे नियम कोण बघायचं, व्हीपीएनचे अॅक्सेस कोण द्यायचं, हे पत्रात यायला हवं. तुमचे पहिल्या नोकरीतले साहेब अजून त्याच कंपनीत असतील तर अभ्यासाला बसण्याआधी, याच आठवड्यात, त्यांच्याकडून ते पत्र मागून घ्या. माझे साहेब तोवर निवृत्त झाले होते, आणि त्या एका सहीसाठी मला दोन महिने खेटे घालावे लागले.