परसातलं टनेल: प्लास्टिक घ्यावं की जाळी?

संक्रांतीनंतर टपालात टनेलचे, म्हणजे भाजीवर कमानी उभारून त्यावर प्लास्टिक किंवा जाळी चढवलेल्या मांडवाचे, प्रश्न वाढतात. यंदा चार पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्रातली शंका अनेकांची आहे, शिवाय त्यात पैशाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचं उत्तर लांबलं आहे.

उदगीरहून एक वाचक लिहितात: ताई, मी एसटीतून निवृत्त झालो. घरामागं तीस बाय चाळीस फूट मोकळी जागा आहे, सगळी काळी जमीन. मुलगा पुण्याला असतो. त्यानं फोनवर दहा बाय वीसचं तयार पॉलीटनेल बघितलंय. प्लास्टिक, पाईप, चेनचं दार, सगळं एका खोक्यात येतं म्हणे. आम्हा दोघांना वर्षभर घरचं माळवं खायचंय, उन्हाळ्यात तर खासच, कारण तवा कोथिंबिरीच्या जुडीला हात लावू देत नाहीत. घ्यावं का? घेतलं तर काय बघून घ्यावं?

भाऊ, मुलाला आजच फोन करा आणि ते खोकं मागवू नको म्हणून सांगा. त्यानं प्रेमानं शोधलंय, पण ती वस्तू थंड मुलखासाठी बनवलेली असते. तिकडं ऊन कमी, म्हणून आत आलेली ऊब धरून ठेवणं हेच त्या प्लास्टिकचं काम. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ऊबच नको असते. ऊन प्लास्टिकमधून आत येतं, माती तापते, मातीनं हवा तापते आणि त्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. परभणीत माझ्या पहिल्या टनेलमध्ये मी तापमापक टांगला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी बाहेर ४२ होतं आणि आत ५३. दोन्ही दारं उघडी होती तरी. टोमॅटोची झाडं कमरेएवढी झाली होती, फुलांनी भरली होती, आणि आठवड्याभरात सगळी फुलं खाली मातीत पडलेली. दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रही गरम राहिली की टोमॅटोचा पराग निकामी होतो, मग कितीही पाणी द्या, फळ धरत नाही. त्या वर्षी मी फार हळहळले, कारण रोपं मी स्वतः बी टाकून वाढवली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: मराठवाड्यात सांगाडा कायमचा घ्यायचा आणि त्यावरचं पांघरूण ऋतू पाहून बदलायचं. फेब्रुवारी संपता संपता जाळी चढवायची, ती मृगापर्यंत ठेवायची. पावसाळ्यात फक्त डोक्यावर प्लास्टिक, बाजू मोकळ्या, म्हणजे कोथिंबीर-पालकाला सडाका लागत नाही आणि वाफ्यातली रोपं झोपत नाहीत. दिवाळीनंतर थंडी वाढली की तेच प्लास्टिक रात्री दोन्ही बाजूंनी खाली सोडायचं आणि सकाळी नऊच्या सुमारास गुंडाळायचं. परभणीला पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा मिरचीच्या रोपाला या एका कामाचा मोठा आधार होतो.

म्हणून खर्चाचा पहिला आणि मोठा वाटा सांगाड्यावर जाऊ द्या. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप २० फुटी येतो. तो कमानीसारखा वाकवून १० फूट रुंदीवर बसवला की माथा साधारण ७ फुटांवर येतो, तुम्ही ताठ उभे राहून काम करू शकता. उंचीचा फायदा हवेलाही होतो. जेवढी हवा जास्त, तेवढी ती उशिरा तापते. पाच फुटी तयार टनेल दुपारी भट्टी होतं ते याचमुळं. २० फूट लांबीला दर ५ फुटांवर एक अशा ५ कमानी, माथ्यावरून एक आणि दोन्ही खांद्यांवरून एकेक आडवा पाईप, दारांच्या चौकटींना दोन. पाऊण इंची पाईप पुरतो, पण तो बी क्लासचा मागा. ए क्लासचा पाईप पातळ असतो, वाऱ्यात वाकतो. जोड वेल्डिंगनं करू नका, क्लॅम्पनं करा. वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं आणि तिथूनच गंज धरतो. पाईप वाकवून देणारे कारागीर पॉलीहाऊसची, म्हणजे शेतातल्या मोठ्या प्लास्टिकघरांची कामं करणाऱ्यांकडं मिळतात. तालुक्याला चौकशी केली तर एखादा सापडतोच.

आता तुमची काळी जमीन. इथं मी जरा थांबून लिहिते, कारण या एका चुकीनं माझा सांगाडा उखडला होता. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाईप नुसता मातीत ठोकलेला असला तर त्याच्याभोवतीची पकड नेमकी त्याच दिवसांत सुटते, आणि वळवाचं वावधानही त्याच दिवसांत येतं. माझ्याकडं संध्याकाळी पाचला वारा उठला, जाळीत शिरला आणि पाच मिनिटांत अख्खा सांगाडा शेजारच्यांच्या कुंपणावर. कोणाला लागलं नाही, हे आमचं नशीब. तुम्ही प्रत्येक पायासाठी फूटभर रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा घ्या, तळाला अर्धा फूट मुरूम ठोका. त्यावर सव्वा इंची पाईपचा तीन फुटी तुकडा उभा करा, दोन फूट आत, एक फूट वर, आणि भोवती काँक्रीट भरा. कमानीचं टोक या तुकड्यात घालून आरपार नटबोल्ट लावायचा. पाच कमानींना असे दहा पाय. एक दिवसाचं काम आहे, पण मग वावधानाची भीती राहत नाही.

लांबी उत्तर-दक्षिण धरा, म्हणजे ऊन दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं आणि पश्चिमेचा वारा आडवा जाऊन आतली हवा बाहेर काढतो. दोन्ही टोकांना दार ठेवा, तीन फूट रुंद, शेणखताचं घमेलं घेऊन वळता आलं पाहिजे. दोन्ही बाजू खालून तीन फूट गुंडाळता येतील अशाच बांधून घ्या. दुकानदार म्हणेल, काय गरज आहे. गरज आहे.

जाळीबद्दल. दुकानात ३५, ५०, ७५, ९० टक्के असे आकडे सांगतात. तेवढं ऊन ती जाळी अडवते. ७५ आणि ९० ची जाळी गाडीवर किंवा वट्ट्यावर सावलीला ठीक, भाजीला नको, झाडं उंच आणि लुळी वाढतात. पालेभाजीला ५० ची घ्या. टोमॅटो-मिरचीच जास्त लावायची असेल तर ३५ ची. रंग पांढरा बघा. पांढरी जाळी ऊन परतवते आणि उरलेलं सगळीकडं विखरून देते. हिरवी सगळीकडं दिसते म्हणून लोक हिरवी घेतात, झाडाला तिचा वेगळा असा काही लाभ नाही. पट्टीच्या विणीपेक्षा गोल धाग्याची जाळी महाग असते, पण ती वाऱ्यात उसवत नाही. आणि एक समजून घ्या: जाळीखाली हवेचं तापमान फार उतरत नाही, दोन-चार अंश. पानावर आणि मातीवर पडणारं ऊन निम्मं होतं, झाडाला खरा दिलासा त्याचा. आपल्याकडं उन्हाळ्याची हवा कोरडी असते, म्हणून पश्चिमेच्या अंगाला गोणपाट टांगून दुपारी बारा आणि तीन वाजता ओलं करा. त्यानं आत शिरल्यावर फरक अंगाला कळतो.

प्लास्टिक घेताना फसगत होते. मला एका विक्रेत्यानं २०० मायक्रॉन जाडीचं, यूव्हीचं, म्हणजे उन्हात टिकायची प्रक्रिया केलेलं, म्हणून दिलेलं प्लास्टिक एका उन्हाळ्यात पापडासारखं तडकलं. बिल नव्हतं, मग बोलणार काय? साधं प्लास्टिक उन्हात टिकत नाही. यूव्ही प्रक्रिया केलेलं असेल तर तीन वर्षं सहज धरायला हरकत नाही. काठावर छापलेलं नाव आणि मायक्रॉन वाचा, बिलावर तेच लिहून घ्या आणि मग वजन करा. २०० मायक्रॉनचं, म्हणजे ८०० गेजचं प्लास्टिक चौरस मीटरला साधारण १८५ ग्रॅम भरतं. तुम्हाला २३ बाय २३ फूट लागेल, ते ४९ चौरस मीटर होतं, म्हणजे वजन ९ किलोच्या आसपास यायला हवं. सहा किलो आलं तर ते १३० मायक्रॉनचं आहे, दुकानदार काहीही म्हणो. बांधायला दोऱ्या नकोत. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यात बसणारी जिगजॅग स्प्रिंग घ्या, तिच्यामुळंच जाळी आणि प्लास्टिक आलटून पालटून चढवता येतं. जिथं प्लास्टिक पाईपला टेकतं तिथं पाईपला पांढरा रंग द्या, कारण तापलेल्या लोखंडावर प्लास्टिक आधी मरतं. गंधकाची फवारणी आत शक्यतो करू नका, तिनंही त्याचं आयुष्य घटतं. काढलेलं प्लास्टिक कोरडं करून, अंधारात, उंदीर पोचणार नाहीत असं ठेवा.

पावसाळ्याचा एक लाभ राहिला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते तुमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. १० बाय २० फुटांच्या छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की साडेचारशे लिटरहून जास्त पाणी उतरतं. ४ इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून दोन्ही कडांखाली पन्हाळ करा आणि दोन ड्रम ठेवा.

भाव मी मुद्दाम लिहिले नाहीत, लोखंडाचा दर दर महिन्याला हलतो. अनुदानाचं तुम्ही विचारलं नाही, पण बाकी पत्रांत विचारलंय. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शेडनेट-पॉलीहाऊसची योजना सातबारा असलेल्या शेतकऱ्यासाठी आहे, घरामागच्या अंगणासाठी नव्हे. पैसे एकदम नसतील तर यंदा सांगाडा आणि जाळी करा, प्लास्टिक पुढच्या मृगाला. दरवर्षी १८ मेला परभणीच्या कृषी विद्यापीठात खरीप मेळावा असतो. जमलं तर या. जाळी-पाईपवाल्यांचे नमुने हातात घेऊन बघता येतात.

जालन्याहून एक वाचक भगिनी: आमच्याकडं अंगण नाही, गच्ची आहे. तिथं टनेल होईल का?

होईल, पण जाळीचं. गच्चीवर प्लास्टिक चढवू नका. तिथला वारा जमिनीपेक्षा जोराचा असतो, आणि प्लास्टिक त्याच्यापुढं शिडासारखं फुगतं. स्लॅबला भोकं पाडायची नाहीत, पावसाळ्यात गळती लागेल. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्यांत पाय उभे करून काँक्रीट भरा आणि सांगाडा कठड्यालाही क्लॅम्पनं जखडा. उंची ६ फुटांच्या वर नेऊ नका. वादळाचा अंदाज असेल त्या संध्याकाळी जाळी उतरवून ठेवा.

हिंगोलीहून: शेडनेटमध्ये पाण्याचं धुकं उडवणारे फॉगर बसवले. बोअरचं पाणी आहे. दोन महिन्यांत सगळ्या तोट्या पांढऱ्या होऊन बंद पडल्यात.

बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत ते. तोट्या काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा, मोकळ्या होतील, पण पुन्हा बंद पडतील. फिल्टरनं कचरा अडतो, विरघळलेला क्षार अडत नाही. पानांवरही त्याच पाण्याचे पांढरे डाग पडतात. माझा सल्ला, फॉगर साठवलेल्या पावसाच्या पाण्यावरच चालवा आणि तेवढं पाणी नसेल तर वर लिहिलेलं गोणपाट वापरा. मुळाला ठिबकनं बोअरचं पाणी चालेल.

कळंबहून एक मावशी: पांढऱ्या माशीसाठी चारी बाजूंनी बारीक कीटकजाळी लावली. माशी गेली, व्हायरस गेला, मिरची छान आहे. पण काकडीला आणि दोडक्याला नुसती फुलं येतात आणि बारकं फळ पिवळं पडून गळतं. खत कमी पडतंय का?

मावशी, खत नका वाढवू. तुमच्या जाळीनं माशी अडवली तशी मधमाशीही अडवली. टोमॅटो आणि मिरचीचं त्यावाचून अडत नाही, त्यांच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात, सकाळी झाड हलकं हलवलं की काम होतं. काकडी, दोडका, कारलं यांची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागं बोटभर बारकं फळ दिसतं, नराच्या मागं नुसता देठ. हे काम आता तुम्हालाच करायचं आहे. नर फूल खुडा, त्याच्या पाकळ्या काढा आणि आतला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एका नरानं दोन-तीन माद्या होतात. पुढच्या वेळी काकडीचं बी घेताना परागीभवनाशिवाय फळणारी, पॉलीहाऊसची जात मागा, तिला हे लागत नाही.

वेळ मात्र सांभाळा. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा नऊच्या आत उरकायचं. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. सकाळी जाऊन तुम्हाला मिटलेलीच फुलं दिसली असतील. त्याच्याकडं दिवेलागणीला जा.