बाबा व्हेंटिलेटरवर आहेत, डोळे उघडत नाहीत. भेटीच्या दहा मिनिटांत त्यांच्याशी बोलावं का?

हो, नक्की बोला, आणि त्यांना ऐकू येतंय असं धरूनच बोला. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. घशातली नळी सोसावी म्हणून गुंगीचं औषध चालू असतं, त्यामुळे डोळे मिटलेले दिसतात. पण गुंगी कमीजास्त होत असते, आणि घरच्यांचं बोलणं नंतर आठवणारे पेशंट मी पाहिलेत. शिवाय आत सतत दिवे, मशीनचे आवाज. दिवस की रात्र कळत नाही, कित्येकांना भ्रम होतो. म्हणून आधी ठिकाण आणि वेळ सांगा: "बाबा, मी तुमच्याजवळ आहे. आज मंगळवार, संध्याकाळचे पाच वाजलेत. तुम्ही दवाखान्यात आहात, नळीमुळे बोलता येत नाहीये." मग घरातलं साधंसुधं काहीही. हात स्वच्छ धुऊन त्यांचा हात हातात घ्या. ते जागे होऊ लागले की चष्मा, कानाचं मशीन असेल तर तेही नर्सकडे द्या. याचा फार उपयोग होतो आणि नेमकं हेच घरी राहतं. बिलाची किंवा "आता काही खरं नाही" अशी चर्चा मात्र पलंगाशेजारी अजिबात नको. मॉनिटरकडे बघत बसू नका, नुसता हात हलला तरी अलार्म वाजतो. फक्त डोक्याला मार लागला असेल किंवा मेंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर आधी नर्सला विचारा. अशा पेशंटला काही दिवस मुद्दाम शांत ठेवावं लागतं.