बंद हॉलमधली घसरगुंडी आणि मार्चचा हप्ता

म्युनिकहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर-सासर दोन्ही नाशिक. यजमानांना ब्लू कार्ड (युरोपात नोकरी करायचा आणि राहायचा परवाना) मिळालं आणि एप्रिल २०२५ मध्ये सगळे तिकडे गेले. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोनची. चार-साडेचारलाच अंधार, बाहेर बर्फ आणि घरात सोफ्यावरून उड्या, म्हणून त्या मुलांना इनडोअर प्लेग्राउंडला नेतात. दोन मुलं आणि आई मिळून एका फेरीचे २३ युरो पडतात. वर्षाचा फॅमिली पास ६०० युरोला आहे. "पास घ्यावा का? सासूबाई म्हणतात, खेळायला कसले पैसे?" एवढाच प्रश्न.

सासूबाईंना सांगा, आता नाशिकच्या मॉलमध्येही तासावर पैसे घेतात, वर मोजे विकत घ्यायला लावतात ते वेगळंच.

पास घ्या. ६०० भागिले २३ म्हणजे २७ फेऱ्यांत वसूल. मार्चअखेरपर्यंत दहा आठवडे, पुढचे नोव्हेंबर-डिसेंबर आठ. आठवड्याला तीनदा गेलात तर पन्नासच्या वर फेऱ्या होतील. उन्हाळ्यात तिकडे फिरकूसुद्धा नका. वाळूचे हौद आणि झोके असलेली सार्वजनिक मैदानं जवळपास सापडतील, तीही फुकट. फक्त दर फेरीला कॉफी आणि बटाट्याच्या चिप्सचे १२ युरो जातात असं तुम्हीच लिहिलंय. पन्नास फेऱ्यांत त्याचा दुसरा पास होतो. डबा चालतो का, विचारून घ्या.

तुमचा प्रश्न इथे संपला. माझे सुरू होतात.

पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे: "इथे मुलांसाठी सरकार काही पैसे देतं म्हणे, फॉर्म भरायचा राहिलाय." ताई, त्याला किंडरगेल्ड म्हणतात. २०२५ मध्ये दर मुलामागे महिना २५५ युरो होते, जानेवारी २०२६ पासून २५९ झाले. ब्लू कार्डवाल्यांना मिळतं. पण अर्ज केलेल्या महिन्याच्या मागचे सहाच महिने देतात. म्हणजे आज, जानेवारीत अर्ज केलात तरी एप्रिल, मे, जून गेले. दोन मुलांचे १,५३० युरो. अडीच पास! फेब्रुवारी उजाडला तर जुलैही जाईल. आज रात्री मुलं झोपली की फॉर्म भरा.

आता निळं पेन. पत्रासोबत तुम्ही पॉलिसीच्या कागदाचा फोटो पाठवलात, "हेही चालू आहे, ठीक आहे ना" म्हणून. निघायच्या आदल्या महिन्यात इथल्या बँकेतल्या साहेबांनी घरी येऊन दोन मुलांच्या नावाने दोन युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र बांधलेल्या पॉलिसी) गळ्यात मारल्या. प्रत्येकी दीड लाखाचा हप्ता, पंधरा वर्षं. छापील कोष्टकात परताव्याचे ४ आणि ८ टक्के आहेत, कारण तेवढेच दाखवायची परवानगी असते. समासात निळ्या पेनाने लिहिलंय: "१२% = सव्वा कोटी, टॅक्स फ्री." हिशेब बरोबर आहे, १२ टक्के मात्र साहेबांच्या खिशातले. ८ टक्क्यांनी ८८ लाख होतात, खर्च वजा जाता ७५-८० धरा. शेअर बाजार चांगला चालला तर जास्तही मिळतील, पण त्यासाठी विमा कंपनीला मध्ये घ्यायची गरज नव्हती.

टॅक्स फ्री हेही अर्धंच खरं. फेब्रुवारी २०२१ नंतरच्या युलिपचा एकत्रित वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या वर गेला की जादा पॉलिसीच्या नफ्यावर कर लागतो. तुमचे तीन लाख होतात, म्हणजे एक पॉलिसी करात गेली. हे साहेबांना ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

आणि विमा किती? दोन्ही मिळून ३० लाख. तुमचा घरखर्च महिना ३,५०० युरो. युरो शंभर रुपयांना धरला (खरा भाव थोडा वरच आहे) तर यजमानांच्या माघारी हे पैसे नऊ महिनेही पुरणार नाहीत. दीड कोटीचा टर्म प्लॅन (गुंतवणूक नसलेला निव्वळ विमा) त्यांच्या वयाला वर्षाला वीस हजारांच्या आसपास पडेल, एनआरआयनाही मिळतो.

तेव्हा क्रम असा. आधी टर्म प्लॅन हातात येऊ द्या, मगच मार्चचे तीन लाख भरणं थांबवा. उलटं करू नका, मध्ये विम्याशिवाय राहाल. युलिप बंद केल्यावर प्रत्येकी जास्तीत जास्त पाच-सहा हजार कापतात, उरलेले पैसे पाच वर्षं पुरी होईपर्यंत किमान ४ टक्क्यांनी अडकून पडतात. वाईट वाटेल. पण पुढच्या चार वर्षांचे बारा लाख त्याच खड्ड्यात जाण्यापेक्षा बरं.

हप्ता ज्या साध्या बचत खात्यातून कापला जातो, तेही एव्हाना एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, व्हायला हवं होतं. नोकरीसाठी परदेशी गेलं की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने ते बदलावंच लागतं. त्याच खात्यात गंगापूर रोडच्या फ्लॅटचं १८,००० भाडं जमा होतं. घरमालक परदेशी असेल तर भाडेकरूने भाड्यातून आधी टीडीएस (कर) कापायचा असतो, साधारण ३१ टक्के. रिटर्न भरून बराचसा परत मिळेल, पण कापलाच नाही तर नोटीस बिचाऱ्या भाडेकरूला येईल. त्याला आजच कळवा.

हप्ता चुकला की बँकेतल्या साहेबांचा फोन येईलच. त्यांना एवढंच म्हणा: ते १२ टक्के कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह पाठवा.